चाळिशी : एका शब्दाची आणि एका भिंगाची हकिकत

मराठीत वयाचेच नाव एखाद्या वस्तूला मिळाल्याची उदाहरणे फारशी सापडत नाहीत. 'चाळिशी' हे त्यांतले सर्वांच्या तोंडी असलेले उदाहरण. माणसाला चाळीस वर्षे पुरी झाली की तो चाळिशीत आला असे आपण म्हणतो. त्या सुमारास पोथीतले अक्षर पुसट दिसू लागले की त्याला चाळिशी लागली असे म्हणतो. आणि मग त्याच्या नाकावर जो चष्मा चढतो त्यालाही चाळिशीच म्हणतो. "अरे, माझी चाळिशी कुठं गेली?" असे आजोबांनी विचारले, तर त्यांचे वय हरवले आहे असे घरातले शेंबडे पोरही समजत नाही, ते मुकाट्याने देवघरातून चष्मा आणून देते. मोल्सवर्थ साहेबांनी १८५७ साली आपल्या मराठी कोशाची सुधारलेली आवृत्ती काढली, तीत हा शब्द चष्मा ह्या अर्थाने आलेला आहे. म्हणजे चाळिसाव्या वर्षी डोळ्याला काय होते ह्याचा नीट शास्त्रीय ग्रंथ युरोपात निघण्याच्या आधीच आपल्याकडे ती गोष्ट कोशात जाऊन बसली होती.

आणि हे केवळ मराठीचेच आहे असेही नाही. बंगालीत ह्याच विकाराला 'चालशे' म्हणतात. तेलुगूत 'चत्वारम्' म्हणतात. त्यातले चाळीस ओळखायला पंडित लागत नाही. कन्नडात चष्म्याला 'चाळीसु' म्हणतात, आणि तो आपल्याकडूनच तिकडे गेलेला दिसतो. गुजरातीत मात्र 'बेतालां' असा शब्द आहे, आणि तो बेताळिसावरून आला आहे. गुजराती बंधूंनी निसर्गाशीही घासाघीस करून दोन वर्षे पदरात पाडून घेतली असावीत! तमिळ माणूस वय मोजत बसला नाही. तो ह्याला 'वेळ्ळेळुत्तु' म्हणतो, म्हणजे पांढरे अक्षर. कागदावरचे काळे अक्षर विटत विटत कागदाच्याच रंगाचे होते, हे त्याने टिपले.

ह्या शब्दांमध्ये एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तमिळ सोडला तर ह्या सगळ्या बोलींनी ह्या प्रकाराला रोगाचे नाव दिले नाही, वयाचे दिले. शास्त्रकारांनी मात्र फार दिवस ह्याला रोग मानले. लोकांची बोली बरोबर होती आणि शास्त्र चुकत होते, असे क्वचितच घडते. येथे ते घडले. शास्त्र लोकांच्या जागी येऊन पोहोचायला १८६४ साल उजाडावे लागले. ती वाटचाल कशी झाली, तेच आज पाहावयाचे आहे.

आधी प्रश्न काय आहे तो नीट समजून घेऊ. जुन्या शहरात राजराजेश्वराच्या देवळापासून थोडे लांब, कळस दिसेल अशा जागी उभे राहावे. एक डोळा मिटावा, आणि उघड्या डोळ्यासमोर हातभर अंतरावर आपला अंगठा धरावा. कळसाकडे पाहिले म्हणजे अंगठा धूसर होतो. अंगठ्यावरच्या रेषा पाहू गेले की कळस धूसर होतो. दोन्ही एकदम स्वच्छ पाहीन म्हटले तर ते साधत नाही, कितीही हट्ट केला तरी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी येतात, तेव्हा लांबवर पालखी दिसते का म्हणून ताणलेली नजर हातातल्या बेलपानावर आणायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. आपण काही केले असे वाटतसुद्धा नाही. पण डोळ्याच्या आत काहीतरी हलले, एवढे ह्या अंगठ्याच्या प्रयोगाने सिद्ध होते. ते काय हलले? छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे सरकवितो. डोळा तर अवघा २४ मिलिमीटर लांबीचा बंद गोल. त्यात सरकायला जागा कुठली?

(पन्नाशी उलटलेल्या श्रोत्यांनी हा प्रयोग चष्म्यावाचून केला तर अंगठा काही केल्या स्वच्छ होणार नाही. त्यांनी नाउमेद होऊ नये. त्यांच्याचविषयी हे व्याख्यान आहे.)

आपल्याकडे डोळ्याचा सर्वांत जुना पद्धतशीर विचार सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. तेथे 'दृष्टी' मसुराच्या डाळीएवढी सांगितली आहे. ही दृष्टी म्हणजे बाहुली की आतले भिंग ह्यावर पंडितांत वाद आहे; पण मसुराची डाळ हातात घेऊन पाहिली, तर तिचा दोन्हीकडून फुगीर आकार भिंगाचाच आहे, आणि युरोपीय भाषांतही भिंगाला मिळालेले नाव ह्याच डाळीवरून आले आहे, ही मौज येथे सांगण्याजोगी आहे. सुश्रुताने डोळ्याची चार पटले कल्पिली, आणि दोष एकेका पटलात शिरत गेले की दृष्टी कशी बिघडत जाते ते वर्णिले. दुसऱ्या पटलात दोष गेला म्हणजे लांबच्या वस्तू जवळ आणि जवळच्या लांब भासतात, असे तो सांगतो. आणि पुढे असे सांगतो की त्या माणसाला मोठ्या प्रयत्नानेही सुईचे नेढे दिसत नाही.

सुईचे नेढे! दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा ग्रंथ, आणि त्यातली तक्रार आजही घराघरात ऐकू येते. गोधडीला टाके घालणारी आजी नातवाला हाक मारते आणि दोरा ओवून घेते, ती ह्याचसाठी. त्या प्राचीन वैद्यापुढे कोणीतरी शिवणारे माणूस येऊन बसले असले पाहिजे, एरवी इतकी नेमकी खूण पुस्तकात बसून सुचत नाही. हे वर्णन निव्वळ चाळिशीचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच ठिकाणी माशा, डास, केस, जाळी दिसतात असेही म्हटले आहे, आणि ती लक्षणे निराळ्याच विकारांची आहेत. अनेक रोग्यांच्या तक्रारी तेथे एका शिडीवर मांडल्या गेल्या. त्या शिडीचे नाव तिमिर, आणि तिची शेवटची पायरी आंधळेपणाची. चाळिशीच्या माणसाचे नुकसान झाले ते येथे. सुईचे नेढे दिसेनासे झाले म्हणजे आपण अंधत्वाच्या वाटेला लागलो, ही समजूत शास्त्रानेच त्याला दिली. आजही "चष्मा लागला, डोळे गेले" असे हळहळून म्हणणाऱ्या माणसाच्या मनात ती शिडीच असते.

उपाय मात्र निदान होण्याच्या आधीच सापडला, आणि तो वैद्यांना सापडला नाही. काच घासणाऱ्या कारागिरांना सापडला. १३०६ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जोर्दानो द रिव्हाल्तो नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले, की चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षे झाली नाहीत, आणि ती प्रथम ज्याने काढली त्याला आपण पाहिले आहे. त्या माणसाचे नाव काही त्याने सांगितले नाही. पिसा येथील मठाच्या नोंदीवरून एवढे कळते की मूळ कारागीर आपली विद्या कोणाला देईना, तेव्हा आलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाच्या साधूने ती स्वतः पाहून साधली आणि हसतमुखाने सर्वांना शिकविली. पुढे सतराव्या शतकात एका लेखकाने चष्म्याचा शोधक म्हणून साल्व्हिनो देल्यी आर्माती असे एक नाव थडग्यासकट निर्माण केले, आणि फ्लॉरेन्सने त्याचे स्मारकही उभारले. असा कोणी शोधकच नव्हता, हे एडवर्ड रोझेन ह्या संशोधकाने १९५६ साली सप्रमाण दाखविले. शोधकाचे नाव नाही म्हणून गाव अस्वस्थ होतो आणि मग एक नाव करतो, हे काही इटलीतच घडते असे नाही.

हे पहिले चष्मे फुगीर भिंगांचे, म्हणजे चाळिशीचे होते. तरुणांच्या ऱ्हस्वदृष्टीचे खोलगट चष्मे त्यानंतर दीड शतकाने आले. आणि आता एक कागद पाहा. १४६६ साली मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून दोनशे चष्मे मागविले. चष्मे कोणत्या नंबरचे हवेत हे कळवावयाचे कसे? नंबर ही कल्पनाच तेव्हा नव्हती. म्हणून त्याने वय लिहिले. तीस वर्षांच्या माणसाचे इतके, पस्तिसाचे इतके, चाळिसाचे इतके, असे पाच पाच वर्षांच्या टप्प्याने थेट सत्तरपर्यंत! दुकानदाराने वय विचारायचे आणि चष्मा काढून द्यायचा, अशी ती रीत. जत्रेत पेटी उघडून बसणारा चष्मेवाला आपल्याकडेही हेच करीत आला आहे. ह्या कागदाइतका 'चाळिशी' शब्दाचा चांगला भाष्यकार मला दुसरा आढळला नाही. माणसाचे वय कळले की त्याच्या डोळ्याची शक्ती कळते, हे त्या दुकानदारांना पक्के ठाऊक होते. वैद्यकाच्या पुस्तकांत ते नव्हते.

हिंदुस्थानात चष्मा केव्हा आला? ह्या प्रश्नाचा माग एका मराठी माणसाने काढला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे हे अशा बारीकसारीक प्रश्नांचे मोठे शोधक होते. मोठ्या राजवंशांच्या इतिहासापेक्षा जिलबी कधी आली, तंबाखू कधी आला, असल्या प्रश्नांवर ते हस्तलिखिते धुंडाळीत. १९४७ साली त्यांनी हिंदुस्थानातील चष्म्यांच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळच्या व्यासराय स्वामींच्या चरित्राकडे लक्ष वेधले. सोमनाथ कवीच्या त्या संस्कृत चरित्रात, १५२० च्या सुमाराच्या प्रसंगी, वृद्ध स्वामी पोथी वाचताना डोळ्यांवर उपनेत्र लावून बसलेले आहेत. गोव्यात पोर्तुगीज १५१० साली आले, तेव्हा ही काच कोणत्या वाटेने आली ह्याचा अंदाज बांधायला हरकत नाही. पोर्तुगिजांची जहाजे ही एक वाट. इराणातून उत्तरेत येणारी दुसरी. आपल्या भाषेत ह्या सगळ्याच वाटांची धूळ आहे. चष्मा हा शब्द फारशीतला, डोळ्याला असलेल्या 'चश्म' शब्दावरून. ऐनक अरबी 'ऐन' म्हणजे डोळा ह्यावरून. उपनेत्र पंडितांनी घडविलेला. चाळिशी तेवढी घरची.

उपाय हाती आला म्हणून कोडे सुटले असे नव्हे. भिंग लावल्याने दिसते, पण न लावता तरुणाला कसे दिसते?

बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत वारलेला इब्न अल्-हैथम ह्याने अकराव्या शतकात डोळ्यातून किरण बाहेर जातात ही ग्रीकांची कल्पना मोडून काढली आणि प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो हे सिद्ध केले. योहानेस केप्लर ह्याने १६०४ साली पुढचे पाऊल टाकले. ग्रहांच्या कक्षा काढणारा हा ज्योतिषी. त्याने दाखविले की डोळ्यातले भिंग बाहेरच्या वस्तूचे उलटे चित्र मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पाडते. आणि म्हाताऱ्याला फुगीर आणि ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला खोलगट काच का उपयोगी पडते ह्याची उपपत्तीही दिली. मग जवळचे पाहताना काय होते? आतले अंतर बदलत असावे, असे त्याला वाटले. माणसाच्या बाबतीत हे चुकले. पण माशाच्या डोळ्यात भिंग खरोखरच पुढेमागे सरकते. केप्लरने मोर्णेच्या डोहातला मासा पाहिला असता तर तो जिंकला असता! पुढे १६१९ साली शायनर ह्याने कागदाला बाहुलीपेक्षाही कमी अंतरावर दोन बारीक भोके पाडून, त्यांतून एक सुई पाहिली. नजर जेथे जमवली आहे तेथे सुई असली तर एक दिसते, पुढेमागे असली तर दोन दिसतात. डोळा स्वतःत काही बदल करतो, ह्याचा हा स्वच्छ पुरावा. १६३७ साली देकार्तने भिंगाचा आकारच बदलत असावा असा तर्क केला. तो बरोबर होता, परंतु तर्कच होता.

तर्काला पुराव्याची जोड दिली ती टॉमस यंग ह्या इंग्रज तरुणाने, आणि ती हकिकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. १७९३ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला, तेव्हा त्याला वीस वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे होते. बैलाचा डोळा कापून पाहून त्याने सांगितले की भिंग आकार बदलते. लगेच विरोध झाला. बदल भिंगात नसून डोळ्याच्या दर्शनी काचेत, म्हणजे स्वच्छमंडलात होतो, असे मोठ्या नावांच्या मंडळींनी प्रयोगानिशी सांगितले, आणि यंगने आपले म्हणणे मागे घेतले. पण त्याचे समाधान झाले नव्हते. सात वर्षांनी, १८०० साली, तो त्याच सोसायटीपुढे पुन्हा उभा राहिला, आणि ह्या वेळी त्याने स्वतःच्या डोळ्याचीच प्रयोगशाळा केली होती.

त्याची विचारसरणी अगदी सरळ होती. बदलण्यासारख्या गोष्टी तीनच : पुढची काच, डोळ्याची लांबी, आतले भिंग. पहिल्या दोन निकालात काढल्या की तिसरी उरते. पुढची काच प्रकाश वळविते ती तिच्याबाहेर हवा आहे म्हणून. पाण्यात बुडी मारून डोळे उघडले की सगळे धूसर होते, ते ह्याचमुळे; पाण्यात ती काच जवळजवळ निकामी होते. पूर्णेत पोहलेल्या माणसाला हे सांगायला नको. यंगने एका छोट्या नळीत पाणी भरले, तिच्या टोकाला सूक्ष्मदर्शकातले भिंग बसवून हरवलेली शक्ती भरून काढली, आणि ते पाणी डोळ्याला भिडविले. पुढची काच आता हिशेबातून गेली. तरीही त्याला जवळची आणि लांबची वस्तू आळीपाळीने स्वच्छ पाहता येत होती, पूर्वीइतकीच.

राहिली लांबी. ह्याचा प्रयोग ऐकताना अंगावर काटा येतो. त्याने डोळा नाकाकडे वळविला, पुढून एक लोखंडी कडे टेकविले, आणि बाहेरच्या कोपऱ्यातून किल्लीचे कडे डोळ्याच्या मागल्या अंगापर्यंत, सोसवेल तेवढे, दाबून बसविले. डोळा दाबला की आत प्रकाशाचे कडे दिसते, हे आपण लहानपणी सर्वांनी केलेले आहे. डोळा लांबत असता तर जवळ पाहताना दोन कड्यांच्या मधली दाब वाढली असती आणि ते प्रकाशाचे वर्तुळ पसरले असते. ते तिळभरही बदलले नाही. शिवाय मोतीबिंदूसाठी भिंग काढलेल्या माणसांना तपासून त्याने पाहिले, की त्यांना नजर जवळलांब करण्याची शक्तीच उरत नाही. तिसऱ्या गोष्टीवाचून आता दुसरा मार्ग नव्हता. हाच यंग पुढे प्रकाश लहरींचा असतो असे दाखवून गेला आणि इजिप्तच्या चित्रलिपीच्या उलगड्यातही त्याचा हात होता. पण किल्ली डोळ्यात घालणारा सत्तावीस वर्षांचा यंग मला अधिक मोठा वाटतो.

भिंगाचा आकार बदलतो हे ठरले. कसा बदलतो? यंगला वाटे, भिंगच स्नायूचे आहे. ते तसे नव्हते. अंधाऱ्या खोलीत एखाद्याच्या डोळ्याच्या बाजूला मेणबत्ती धरली तर तिची प्रतिबिंबे त्या डोळ्यात दिसतात : एक पुढच्या काचेवरचे तेजस्वी, एक भिंगाच्या पुढल्या पृष्ठावरचे मोठे पण मंद, आणि एक मागल्या पृष्ठावरचे लहान नि उलटे. पुर्किन्ये ह्याने १८२३ साली त्यांचे वर्णन केले होते. हॉलंडमधील क्रामर नावाच्या तरुण डॉक्टरने १८५० नंतरच्या दोनतीन वर्षांत ही प्रतिबिंबे साधनाने मोठी करून पाहिली. माणसाने लांबून जवळ नजर आणली की मधले प्रतिबिंब लहान होऊन सरकते. म्हणजे भिंगाची पुढली बाजू अधिक फुगते. क्रामर १८५५ साली तेहतिशीच्या आतच वारला, आणि त्याचे नाव बहुतेक पुस्तकांतून गळाले. त्याच सुमारास त्याच्याशी संबंध नसता जर्मनीत हेल्महोल्ट्झ ह्यानेही हेच पाहिले, आणि १८५५ साली त्याची यंत्ररचना उलगडून सांगितली.

ती यंत्ररचना आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. वासंतिक व्याख्यानांसाठी मंडप घालतात, त्याचे कापड चोहोबाजूंनी दोरांनी ताणून खुंट्यांना बांधतात. डोळ्यातले भिंग असेच बारीक तंतूंनी चोहोकडून ताणलेले आहे, आणि त्या तंतूंची बाहेरची टोके एका स्नायूच्या कड्याला बांधली आहेत. डोळा निवांत असला की कडे मोठे असते, दोर ताठ असतात, भिंग चपटे राहते. तेव्हा लांबचे दिसते. जवळ पाहायचे म्हटले की तो स्नायू आवळतो आणि कडे लहान होते. खुंट्या आत आल्यावर दोराचे जे होते तेच तंतूंचे होते. ते सैल पडतात. आणि भिंग आपल्या अंगच्या लवचिकपणाने फुगते. म्हणजे ते कोणी ओढून फुगवीत नाही, सोडले की आपोआप फुगते. लांब पाहणे ही डोळ्याची विश्रांती आहे. दिवसभर जमाखर्च लिहून थकलेला मुनीम खिडकीतून उगाच असदगडाच्या बुरुजाकडे पाहत बसतो, तो आळस नव्हे.

आता चाळिशीचे रहस्य एका वाक्यात येते. ते भिंग वयाबरोबर कडक होत जाते. त्यात जन्मभर नवे थर चढत असतात आणि जुने कोठे जात नाहीत, आतच दाबले जातात. तंतू सैल सोडले तरी कडक झालेले भिंग पूर्वीसारखे फुगत नाही.

हॉलंडमधील उट्रेख्टच्या डाँडर्स ह्याने १८६४ साली लंडनहून आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ह्या सगळ्याला शिस्त लावली. त्याने निरनिराळ्या वयांच्या लोकांचे डोळे मोजले. दहा वर्षांच्या मुलाला सुमारे ७ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचता येते. विसाव्या वर्षी १०, चाळिसाव्या वर्षी २२, पन्नासाव्या वर्षी ४०, आणि साठीला साधारण एक मीटर. ही शक्ती चाळिसाव्या वर्षी एकाएकी जाते असे नाही, हे ह्या आकड्यांवरून दिसेल. ती दहाव्या वर्षापासूनच, शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोळ्यातूनच, ओसरू लागलेली असते. पण पुस्तक आपण धरतो २५ ते ३० सेंटिमीटरवर, आणि ओसरणारी मर्यादा तेथे येऊन पोहोचते ती चाळिशीच्या पुढेमागे. म्हणून तेव्हा कळते. प्रथम पुस्तक लांब धरतो, मग दिव्याखाली जातो, मग हात आखूड पडू लागतात. डाँडर्सने स्पष्ट लिहिले की हा रोग नव्हे. निरोगी डोळ्याचेच हे वय आहे. आणि लहानपणापासून असणारा दूरदृष्टीचा दोष निराळा आहे. तिमिराच्या शिडीवरून चाळिशीचा माणूस येथे खाली उतरला.

ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाचे ह्यात फावते. त्याचा डोळा मुळातच जवळ जमलेला, त्यामुळे पन्नाशीत तो लांबचा चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतो, आणि "मला चाळिशी लागलीच नाही" अशी बढाई मारतो. त्याचेही भिंग इतरांइतकेच कडक झालेले असते.

दुसरी एक गैरसमजूत येथे दूर केली पाहिजे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आता गढूळ भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसवितात. हॅरॉल्ड रिडली ह्या इंग्रज सर्जनने १९४९ साली ते प्रथम बसविले. त्यापूर्वी भिंग काढलेल्या माणसाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून फिरावे लागे. परंतु नेहमी बसविले जाणारे भिंग एकाच अंतरावर जमलेले असते, ते फुगत नाही. यंगने भिंग काढलेल्या रोग्यांत जे पाहिले तेच येथे लागू आहे. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊनही वाचायला चष्मा लागला, तर डॉक्टरने काही बिघडविले असे समजू नये.

आता पैशाचा हिशेब. २०१५ सालच्या स्थितीवरून केलेल्या एका मोजणीप्रमाणे जगात १८० कोटी लोकांना चाळिशी होती, आणि त्यांपैकी ८२ कोटी ६० लाख लोकांजवळ योग्य चष्मा नव्हता. हे बहुतेक आपल्यासारख्या देशांतले. त्यांना अक्षर वाचायचे नसेल, म्हणून बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. त्याला आसामचे उत्तर आहे. तेथील चहाच्या मळ्यांत चाळीस आणि त्यावरील वयाच्या ७५१ कामगारांवर केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे चष्मे लगेच दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची कामगिरी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. पाने खुडायला साक्षरता लागत नाही. हातभर अंतरावरचे कोवळे पान जून पानापासून ओळखावे लागते, इतकेच.

हे वाचताना आपल्या वऱ्हाडातल्या वेचणीची आठवण होणार नाही असा अकोलेकर नसेल. फुटलेल्या बोंडातून कापूस काढताना वाळक्या पात्याचा चुरा सोबत येऊ नये म्हणून बाईची नजर वीतदोन वीत अंतरावर सारखी जमलेली असते. तिने आणलेला माल बाजारात आला की पारखी दोन बोटांत पुंजका धरून तंतू ओढतो, समांतर करतो, आणि डोळ्याजवळ नेऊन त्याची लांबी पाहतो. पारख्याच्या नाकावर चाळिशी असते. वेचणाऱ्या बाईच्या नाकावर ती मी क्वचितच पाहिली आहे. अकोटच्या सतरंजीचा बारीक काठ विणणे, तांदळातले खडे निवडणे, औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहणे, ही सारी कामे त्याच वीतभर अंतरावरची. पुरुषाला चष्मा लागला तर तो दुकानात जातो. बाई मात्र "आता वय झालं" म्हणून सुई नातवाच्या हाती देते. वय झाले हे तिचे म्हणणे अगदी खरे आहे. पण त्याच वयाच्या नावाची वस्तू बाजारात मिळते, आणि ती फार महाग नाही. चष्म्याने डोळे अधिक बिघडतात ही जी भीती घातली जाते, तिला काही आधार नाही. चष्मा लावा अगर न लावा, भिंग आपल्या गतीने कडक होतच राहते. पुढे नंबर वाढतो तो त्या गतीमुळे.

ह्या कडक होणाऱ्या भिंगाला पुन्हा लवचीक करण्याची विद्या अजून कोणाला साधलेली नाही. २०२१ साली अमेरिकेत चाळिशीसाठी डोळ्यात घालावयाच्या थेंबांना परवानगी मिळाली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. २०२४ साली मुंबईच्या एका कंपनीने तसेच थेंब आपल्याकडे आणल्याचे जाहीर केले, वर्तमानपत्रांनी आता चष्म्याची गरज संपली असे मथळे दिले, आणि कंपनीच्या अशा दाव्यांवरून सरकारने थोड्याच दिवसांत दिलेली परवानगी स्थगित केली. ह्या थेंबांतले औषध मुख्यतः काय करते, तर बाहुली आवळून लहान करते. त्याचा गुण पाहायला औषध आणण्याचेही कारण नाही. पोस्टकार्डाला टाचणीने एक भोक पाडावे, ते डोळ्याला अगदी लावून भरपूर उजेडात वर्तमानपत्र वाचावे. चाळिशीवाचून अक्षर बरेच स्वच्छ दिसते, कारण बारीक छिद्रातून प्रकाशाचे थोडेच किरण येतात आणि त्यांचा पसारा कमी होतो. उजेड कमी झाला की मात्र ते भोकही उपयोगाचे राहत नाही.